कोकणात पडलेलं वावर

बहिरू गेला तेव्हा त्याच्या घरात भिंतीला एक सनद टांगलेली होती. काच घातलेली, चौकट केलेली. वनहक्काची सनद. तिच्यावर त्याचं नाव, वावराच्या चारी कोपऱ्यांचे आकडे, खाली साहेबाची सही. वाडीत असल्या सनदा आता घरोघरी आहेत आणि घरोघरी त्यांना हळदीकुंकू लावलेलं आहे. बहिरूच्या सनदेला कधी बोट लागलं नाही. आणि त्या सनदेच्या वावरात त्यानं शेवटची दोन वर्षं एक दाणा टाकला नाही. लोक म्हणतात, म्हातारा भ्रमला होता. हे कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. भ्रमलेला माणूस मी पाहिलेला आहे. बहिरू तसा नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

तळेघरच्या पुढं जिथं एसटी वळते तिथून तासभर चाललं की कड्याच्या अंगाला त्याची वाडी. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला सरळ तुटलेला कडा आणि खाली कोकण. खाचरात भात, उतारावर नाचणी नि वरई. उताराची जमीन आजा-पणज्यापासून यांची, कागदावर मात्र सरकारची. बहिरू सातवी शिकलेला. तरुणपणी धरणाची आणि कालव्यांची मोजणी चालली होती तेव्हा तो मोजणीवाल्यांबरोबर हिंडला. साखळीचं एक टोक साहेबाच्या माणसाकडं, दुसरं बहिरूकडं. ही त्याच्या आयुष्यातली मोठी नोकरी. साखळी कशी ताणायची, खुंटी कुठं ठोकायची, एकराचे चाळीस गुंठे कसे पडतात, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. पुढं वाडीत भाऊहिस्से पडले, बांधाचे तंटे झाले, तिथं काठी घेऊन बहिरूच उभा. त्यानं दाखवलेला बांध कोणी पुन्हा सरकवला नाही.

वनहक्काचे दावे भरायची वेळ आली तेव्हा वाडीनं साहजिकच त्याला पुढं केलं. एक संस्था जीपीएसचं मशीन ठेवून गेली. मशीन चालू कसं करायचं हे त्यांनी दाखवलं. आकडा लिहायचा कसा, हे दाखवायचं काही त्यांना सुचलं नाही. सुशिक्षित माणसांना वाटतं, आपल्याला जे येतं ते जगाला जन्मतःच येतं.

बहिरू ते मशीन छातीशी धरून सगळ्या वाडीची वावरं फिरला. प्रत्येक कोपऱ्यावर आधी एक दगड रोवायचा, त्याला चुना फासायचा, मग त्यावर उभं राहायचं. आकडा स्थिर होईपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. त्याच्या थोरल्या भावाची विधवा लंकाबाई शेजारच्याच घरात राहते. तिचं वावर सगळ्यात टोकाला, चढाचं. ते त्यानं सगळ्यात आधी मोजलं.

"भावजी, ह्या डबड्याला कसं कळतं माजा बांध कुठला त्ये?" लंकाबाईनं विचारलं होतं.

"त्याला वरून दिसतंय."

"वरून दिसतंय तर मंग मला इचारत का न्हाई, कोण राबतंय ते?"

हे मला तिनंच पुढं सांगितलं. तेव्हा दोघं हसली होती म्हणे.

मी त्या काळात या डोंगरात नव्हते. नारायणगावच्या बाजारात क्रेट उचलणाऱ्या हमालांची आणि टोमॅटो निवडणाऱ्या बायकांची संघटना बांधायचं माझं काम चाले. बहिरूचा मुलगा सुनील तिथंच क्रेट उचलायचा. एक दिवस तो चहाच्या टपरीवर म्हणाला, "ताई, आमच्या वाडीचे समदे दावे एका दमात उडवलेत. कारण काय, तर जागा तालुक्यातच न्हाई म्हणं. आमी काय चंद्रावर नांगरतोय का?"

मी दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या कचेरीत गेले. गेले ती भांडायलाच गेले. मला खुर्ची दिली तरी मी बसत नाही. बसलेल्या बाईला लोक चहा पाजतात आणि वाटेला लावतात. मी बोलत राहिले, तिथला बाबू ऐकत राहिला. मग त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. नकाशावर वाडीच्या वावरांचे ठिपके होते. एकमेकांना बिलगून, वाडीत असतात तसेच. फक्त ते कड्याच्या खाली होते. कोकणात, नेरळच्या अलीकडं.

"मॅडम, आकडे तुमच्याच माणसाचे आहेत," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मी दाव्याची प्रत आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसले. शाळेत भूगोलाच्या तासाला मला वर्गाबाहेर काढायचे, त्यामुळं रेखांश वगैरे मी पुढं माझं मीच शिकलेले. ठिपके तर सगळे एकाच अंगाला सरकलेले, म्हणजे मशीन बिघडलेलं नाही. कोणीतरी लिहिताना एकच गोष्ट सगळीकडं केली आहे. नारायणगाव यायच्या आत ती गोष्ट मला दिसली. मोबाइलवर वाडीची खरी जागा काढली, तेव्हा कळलं, मशीननं दाखवलं असणार: त्र्याहत्तर अंश, पस्तीस मिनिटं आणि वर थोडं. बहिरूनं लिहिलं होतं: ७३.३५, आणि पुढचे आकडे तसेच चिकटवून.

आमच्याकडं जमीन अशीच लिहितात. दोन एकर पस्तीस गुंठे म्हणजे दोन, टिंब, पस्तीस. लहान पोरगंही तो आकडा दोन एकर पस्तीस गुंठेच वाचतं. बहिरूच्या डोळ्यांना त्या टिंबाचा दुसरा अर्थ माहीतच नव्हता. अंश म्हणजे एकर, मिनिट म्हणजे गुंठा, असं त्यानं मनाशी लावलं आणि जन्मभर बरोबर आलेल्या हातानं सगळ्या वाडीचे आकडे लिहून काढले. कॉम्प्युटरनं ते टिंब दशांशाचं धरलं.

त्याला हे सांगायला मी गेले तेव्हा तो ओसरीवर नांगराचा दांडा तासत होता. शेजारी एक लाल भोपळा पडलेला. मी तोच पुढ्यात ओढला.

"बहिरूदादा, ही धरा पृथ्वी."

"बरं."

"ह्या खाचा बघा. देठापासून निघतात, बुडापाशी जाऊन मिळतात. मधे फाक रुंद, टोकाला निमुळती. पृथ्वीवर अशाच उभ्या रेघा मानल्यात, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत. तीनशे साठ फाका. एका फाकेला म्हणायचं एक अंश."

"मानल्यात म्हंजे? जिमिनीवर न्हाईत?"

"जमिनीवर कुठंच नाहीत. कागदावर आहेत."

"मंग मोजायला सुरवात कुठनं? पयली रेघ कोणची?"

"इंग्लंडातून. लंडनच्या एका गावातून जाते ती शून्याची. तिथून पूर्वेकडं मोजत आलं की त्र्याहत्तर नि चौऱ्याहत्तरच्या मधल्या फाकेत आपण."

"त्येंच्याच दारात का?"

"तेव्हा जहाजं त्यांच्याकडं जास्ती होती. जगातले साहेब एकत्र बसले आणि ठरवलं."

बहिरू हसला. "म्हंजे पयली खुंटी त्येंच्या दारात. साखळी कोणी धरली व्हती म्हणावं?"

मी भोपळा पुन्हा जवळ ओढला.  म्हणाले, "दादा, एकराचे गुंठे चाळीस. पण ह्या एका अंशाचे भाग साठ. पस्तीस मिनिटं म्हणजे साठातली पस्तीस, अर्ध्याच्या पुढं. तुम्ही मधे टिंब दिलंत. कॉम्प्युटरनं ते शंभरातले पस्तीस धरले, म्हणजे अर्ध्याच्या बऱ्याच आत. फाकेतली जागा मागं सरकली. पश्चिमेला."

भोपळ्यावर बोट ठेवून दाखवलं. फाकेच्या मधल्या जागेवरून बोट डावीकडच्या खाचेकडं आणलं, बोटभर अंतरानं.

"भोपळ्यावर एवढंसंच हाय," तो म्हणाला.

"जमिनीवर पंचवीस किलोमीटर."

त्यानं तासणी खाली ठेवली. भोपळ्यावरच्या त्या दोन्ही जागांवर स्वतःचं बोट ठेवून बघितलं. मग विचारलं, "समद्यांचं? का माजं एकट्याचं?"

"सगळ्यांचं."

"लंकावयनीचं?"

मी मान डोलावली.

तोवर लंकाबाईच्या वावरात चर पडले होते. दावा फेटाळल्याचा कागद आला आणि पाठोपाठ रोपं लावायला वनखात्याची माणसं आली. त्यांच्या कागदावर ती जागा मोकळी होती. आणि टोकाचं वावर म्हणून सुरुवात तिथूनच झाली. लंकाबाई विळा घेऊन मधे उभी राहिली, पण उतारावर एका बाईनं किती जागा अडवायची. बाकीची वाडी गोळा होईपर्यंत तिच्या उतारावर रांगेनं खड्डे झाले आणि खड्ड्यात रोपं. मग वाडी आडवी पडली, काम थांबलं. बाकीच्यांची वावरं वाचली, हिचं गेलं.

मी देवळापुढं सगळ्यांना बोलावून चूक कुठं झाली ते सांगितलं. आकडे नव्यानं घ्यायचे, दुरुस्ती मागायची, दावे पुन्हा उभे करायचे, हेही सांगितलं. लोक चिडले. ज्या माणसानं दाखवलेला बांध कोणी सरकवला नव्हता, त्याला त्या दिवशी कालची पोरंसुद्धा बोलली. एकजण म्हणाला, "बहिरूतात्यानं आख्खी वाडी कोकणात नेऊन टाकली, आता मासं खावा." हशा पिकला. मी त्याला तिथंच झापलं, म्हटलं, तुझ्या बापाचा हिस्सा पडला तेव्हा साखळी कोणी धरली ते घरी जाऊन विचार. पण हसू तोंडातून निघून गेलं की परत घालता येत नाही.

लंकाबाई हसली नाही, चिडलीही नाही. उठून बहिरूसमोर आली आणि म्हणाली, "भावजी, मला लिवता येत न्हाई म्हणून मी तुमच्याकडं आले. तुमाला येत न्हाई ते तुमी कुणाकडं नेलं न्हाई." एवढंच. त्यानंतर शेजारच्या घरात राहून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. अंगणं लागून होती. ती झाडायला आली की तो आत जायचा.

नवे आकडे घ्यायला मी दुसरा माणूस आणला. बहिरू येत नव्हता, पण आम्ही पोचायच्या आधी प्रत्येक कोपऱ्यावरचा दगड नव्यानं चुना लावलेला असायचा. तो कधी लावून जायचा, कोणी पाहिलं नाही.

मधे एकदा तो दोन दिवस घरात नव्हता. सुनील नारायणगावहून घाबरून माझ्याकडं आला. तिसऱ्या दिवशी बहिरू आपणहून परतला. जुन्या घाटवाटेनं कोकणात उतरला होता. त्या चुकलेल्या आकड्यांची जागा त्यानं माझ्याकडून आधी नीट विचारून घेतली होती. मला वाटलं, समजून घेतो आहे.

"काय होतं तिथं?" मी विचारलं.

"भित व्हती. मोठी, लांबच्या लांब. आत बंगलं. फाटकावर वॉचमन. म्हणला, चाचा, किधर? म्हणलं, आमच्या वयनीचं शेत बघायचंय. म्हणला, यहाँ कोई शेत नहीं. म्हणलं, हाय, कागदावर हाय. मंग त्यानं पाणी दिलं प्यायला. चांगला माणूस व्हता." मग म्हणाला, "ताई, तितं बी तिचं न्हाई, हितं बी न्हाई. मंग गेलं कुठं?"

 

पुढं दुरुस्ती मान्य झाली. पाहणीला माणसं आली; ज्यांची नांगरट चालू होती त्यांचे दावे टिकले. लंकाबाईच्या उतारावर दोन पावसाळे पेरा झालेला नव्हता. पाहणीत दिसली ती रोपांची रांग. "प्रत्यक्ष कसवणूक आढळत नाही." मी तिथं तोंड सोडलं, पंचनाम्यावर हरकत लिहायला लावली, अपील केलं. अपील अजून पडून आहे आणि मी ते सोडलेलं नाही, हे वाचणाऱ्या साहेबलोकांनी ध्यानात ठेवावं.

बहिरूला मात्र सनद मिळाली. ती हातात घेऊन तो सरळ माझ्याकडं आला. म्हणाला, "हे वयनीच्या नावावर करून द्या."

"होत नाही दादा. ही सनद विकता येत नाही, देता येत नाही. तुमच्यामागं पोराला जाईल, दुसऱ्या कुणाला नाही."

"मी राजीखुशीनं देतोय तरी?"

"तरी."

हा नियम गरिबाची जमीन कोणी लुबाडू नये म्हणून केलेला आहे आणि चांगला आहे. त्या दिवशी मला तो वाचूनसुद्धा दाखवावासा वाटला नाही.

मग त्यानं सुनीलला लंकाबाईकडं पाठवलं. सुनील म्हणाला, "चुलती, वावर तुमीच पेरा. नावाचं काय, पीक तर तुमच्या घरात यील." लंकाबाई नाचणी पाखडत होती. म्हणाली, "तुज्या बापाला सांग, नावावर नसल्यालं वावर मी जन्मभर पेरलं. आता पुन्यांदा नगं."

ती पेरत नाही तर मीही पेरणार नाही, असं बहिरू कुणाला बोलला नाही. नुसता थांबला. पहिल्या पावसाळ्यात लोकांना वाटलं, आजारी आहे. दुसऱ्या पावसाळ्यात त्या वावरात गवत कमरेएवढं झालं आणि लोक म्हणायला लागले, भ्रमला.

त्या दिवसांत तो संध्याकाळी कड्यावर जाऊन बसायचा, लंकाबाईच्या अंगणातून दिसेल अशा जागी, तोंड कोकणाकडं. मी वाडीत असले की शेजारी जाऊन बसायची. एकदा त्यानं विचारलं, "ताई, त्या बंगल्यांपाशी दिवस कवा मावळतो? आपल्याबरूबर?"

म्हटलं, नाही. पृथ्वी फिरते तेव्हा भोपळ्याच्या फाका एकामागून एक सूर्यापुढून जातात. एक फाक पुढं सरकायला चार मिनिटं. पूर्वेकडच्याचा दिवस आधी उगवतो, आधी मावळतो. आपण पूर्वेला, ती जागा पश्चिमेला. अंतर पाव फाकेचं. म्हणजे तिथं आपल्यापेक्षा मिनिटभर उशिरा मावळतो. कडा उंच आहे, त्यामुळं डोळ्यांना दिसणारा हिशेब थोडा वेगळा पडेल. पण रेघांचा हिशेब हाच.

"मिन्टभर," तो म्हणाला.

त्यानंतर मी एक पाहिलं. सूर्य बुडाला की इतर माणसं ढुंगण झटकून उठतात. बहिरू उठायचा नाही. थोडा वेळ तसाच बसायचा, खाली बघत. मग म्हणायचा, "गेला," आणि उठायचा. मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

तो गेला तो साध्या तापानं. वय उताराला लागलेलं, दवाखाना लांब, एसटी एकच. दहाव्याला वाडी जमली. ज्या पोरानं माशांचा विनोद केला होता तोच पिंडासमोर सगळ्यात पुढं उभा होता, खाली मान घालून. मी त्याला काही बोलले नाही. मी म्हातारी व्हायला लागले असेन.

माणसं पांगली तेव्हा लंकाबाई माझ्यापाशी आली. "ताई, जरा चला माज्याबरूबर. फोन घ्या."

ती मला तिच्या उतारावर घेऊन गेली. रोपं आता गुडघ्याच्या वर आलेली, काही जळालेली. चरांतून पाऊल जपून टाकत ती वरच्या कोपऱ्यावर पोचली आणि गवत बाजूला सारलं. दगड तिथंच होता. वाडीतल्या इतर कोपऱ्यांवरचा चुना केव्हाच धुऊन गेला आहे. सनद मिळाल्यावर दगडाला कोण विचारतो. हा मात्र पांढराशुभ्र होता. या पावसाळ्यानंतरचाच चुना.

"चारीच्या चारी असं हायेत," ती म्हणाली. "मी बघत व्हते. अंगणातनं चुन्याचं डबडं घिऊन जायचा. मला वाटायचं, इचारावं. न्हाई इचारलं."

तिनं माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं. मग म्हणाली, "ह्या दगडाचा आकडा काय, बघा."

मी दगडावर उभी राहिले. आकडा स्थिर होईपर्यंत थांबले आणि वाचून दाखवला: त्र्याहत्तर अंश, पस्तीस मिनिटं, आणि वरचं जे काय ते. बहिरूच्या मशीननं दाखवलेलाच, शेवटचं घर तेवढं मागंपुढं.

"म्हंजे भावजीनं दगड ठिवला त्यो बरूबर जागी ठिवला?"

"बरोबर जागी."

"आन् लिवायला चुकला."

"लिहायला चुकले."

लंकाबाई खाली वाकली. मला वाटलं, दगड उपटते. तिनं नुसतं त्याच्या बुडाशी उगवलेलं गवत खुडलं, मुठीत धरलं, आणि हात दगडावर तसाच ठेवून बसली. समोर कोकणावर ऊन उतरत होतं. सूर्य टेकला, बुडाला. मी जायला म्हणून हललेच होते.

"थांबा जरा," ती म्हणाली.

खाली अंधूक झालेल्या मैदानाकडं बघत आम्ही दोघी बसून राहिलो.